वाजतो म्हणजे भरलेला

आक्कांच्या मुलाची एक खोड होती आणि ती आक्कांच्या डोक्यात जायची. पोरगी आजारी पडली की हा माणूस खुलायचा.

आनंद व्हायचा असं नाही, इतका नतद्रष्ट तो नव्हता. पण एरवी स्वतःचे मोजे शोधायला ज्याला पंधरा मिनिटं आणि घरातल्या सगळ्या बायका लागायच्या, तो हा गृहस्थ टिकलीची छाती वाजायला लागली की एका उडीत उभा राहायचा. पोरीला पांघरुणासकट उचलायचा, गाडीची किल्ली दातात धरायचा आणि तीन मजले असे उतरायचा की खालच्या शिंप्याचं मशीन थांबायचं. नोकरी रुग्णवाहिका चालवायची. घरच्या जुन्या गाडीला भोंगा नव्हता, तर हा खिडकीतून मुंडकं बाहेर काढून तोंडाने भोंगा वाजवायचा. घर ते इस्पितळ अकरा मिनिटं. एकदा दहाच लागली होती, तेव्हापासून अकरा सांगताना तो जरा ओशाळायचा.

वर्षभरात अशा आठ फेऱ्या झाल्या. इस्पितळाचा पहारेकरी लांबून गाडी ओळखून फाटक उघडायचा. तातडीच्या वॉर्डातल्या नर्सांना टिकलीच्या कुठल्या हाताची शीर पटकन सापडते ते पाठ झालं होतं. आणि पोरगी घरी आली की जिन्यात कथा सुरू. "सिग्नल लाल, समोर पाण्याचा टँकर आडवा, मी म्हटलं आता काही खरं नाही, आणि डावीकडून जी काढली गाडी..." शिंपी मान डोलवायचा. वरच्या मजल्यावरची म्हातारी डोळे पुसायची. बाप असावा तर असा, म्हणायची. आक्का दारात बसून भाजी निवडत ऐकायच्या आणि देठ जरा जास्तच जोरात मोडायच्या.

कारण त्या कथेत टिकली कुठे नसायचीच. टँकर असायचा.

टिकली आठ वर्षांची. अंगाने एवढीशी म्हणून टिकली, तोंडाने मात्र मोठ्या बाईची. तिला या फेऱ्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. एक फेरी म्हणजे दोन दिवस इस्पितळात, एक दिवस घरी पडून, आणि शाळेत तीन खाडे. आठवी फेरी झाली आणि परीक्षेला नऊ आठवडे उरले असताना मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. ते टिकलीनेच वाचून दाखवलं, कारण अशा वेळी आक्कांचा चष्मा हमखास सापडत नसे. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि घरात आक्कांचे तीन चष्मे होते. पण जिची शाळा दुसरीत सुटली तिला अक्षर कुठल्याही काचेतून सारखंच दिसतं, हे सुनेला ठाऊक होतं, आणि तिने ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी आक्का तिला मनातून मानत. वरून दाखवत नसत.

पत्रात होतं की अजून पाच खाडे झाले तर हजेरी भरत नाही, मुलीला तिसरीत पुन्हा बसावं लागेल.

"म्हणजे माझी मैत्रीण चौथीत आणि मी त्या बारक्या पोरांच्यात," टिकली म्हणाली.

"तू कोण मोठी लागून गेलीस?"

"तेच ना. कुणाला कळणारही नाही मी मोठी आहे ते."

पोरीने हे हसत सांगितलं आणि मग पत्राची घडी घालायला इतका वेळ लावला की आक्कांना तिच्याकडे बघवेना. पाच खाडे. एक फेरी तीन खाणार. दुसरी फेरी झाली की वर्ष गेलं. आक्कांना वाचता येत नसेल, पण मोजण्यात त्यांच्या वाटेला जाणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काढली होती. धुणाऱ्या बायकांवर त्या मुकादम होत्या, आणि आक्का हे नाव तिथलंच. चारशे चादरी गेल्या तर चारशेच परत आल्या पाहिजेत, एक उशीचा अभ्रा इकडचा तिकडे झाला तर आक्का अख्खी पाळी थांबवायच्या.

संताप यायचा तो याचा, की औषधात कसूर नव्हती. टिकलीचे दोन पंप होते. निळा, तो छाती भरली की मारायचा. आणि तपकिरी, तो रोजचा. पोरगी बरी असो, वाईट असो, सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. प्लास्टिकचं एक नळकांडं असायचं, ते तिने तोंडाला लावायचं, मागून पंप दाबायचा, सावकाश श्वास घ्यायचे, आणि शेवटी चूळ. हे काम आक्कांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि एक दिवस चुकवला नव्हता. तरी छाती वाजायचीच.

मग दोष कुणाचा? आक्कांनी सगळ्यांना धुऊन काढलं. सुनेचं अत्तर कपाटात गेलं. शिंप्याचा जावई जिन्यात सिगारेट ओढायचा, त्याला असं सुनावलं की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन ओढायला लागला आणि लांबूनच नमस्कार करायला लागला. जाड पडदे उतरवले. चादरी-अभ्रे दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. वरच्या म्हातारीची मांजर टिकलीच्या गादीवर झोपलेली सापडली, तेव्हा आक्का वर जाऊन सांगून आल्या की पुढच्या वेळी तिलाही चादरींबरोबर उकळून काढीन. हे सगळं बरोबरच होतं, पण पुरत नव्हतं.

पंप संपला का, ते बघायचं काम मात्र मुलाचं होतं. औषधाच्या दुकानात तो जायचा, तेव्हा ते खातं त्याचं. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचे सिलिंडर असतात. त्यांना काटा असतो, पण मुरलेले ड्रायव्हर म्हणे काटा बघत नाहीत, जरा उचलून, बोटाने टिचकी मारून सांगतात किती उरलाय ते. त्याच ऐटीत हा दर रविवारी तपकिरी पंप कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ वाजायचं.

"आहे," तो म्हणायचा. "बक्कळ आहे अजून." आणि पंप जागेवर ठेवायचा.

त्या आठव्या फेरीनंतर टिकलीला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक जास्तीची ओळ लिहिली होती. दम्याच्या नर्सला येऊन भेटा. घरात पंप देणाऱ्या सगळ्यांनी या.

ही नर्स बोळाच्या टोकाला, पांघरुणांच्या कोठाराशेजारी एका चिंचोळ्या खोलीत बसायची. वयाने सुनेएवढी, केस पोरासारखे कापलेले. खोलीत तीन खुर्च्या होत्या. दोन्ही बायका बसल्या, टिकली तिसरीवर, आणि आक्कांचा ड्रायव्हर मुलगा भिंतीला टेकून किल्ल्या खुळखुळवत उभा राहिला. इस्पितळातल्या सगळ्यांशी त्याची ओळख होती, फक्त या खोलीत तो पहिल्यांदा येत होता.

"रोजचा पंप कोण देतं?" नर्सने विचारलं.

"मी," आक्का म्हणाल्या. "आणि एक दिवस चुकलेला नाही. कुणालाही विचारा."

"विचारते की." नर्स टिकलीकडे वळली. "काय गं?"

"नाही चुकत," टिकली म्हणाली. "मी झोपेत असले तरी आजी देते. पाहुणे बसलेले असले तरी देते. एकदा अंधारात बाबांच्याच तोंडाला नळकांडं लावलं होतं."

नर्सने देऊन दाखवायला सांगितलं. आक्कांनी दिलं. पंप हलवला, नळकांड्याला लावला, दाबला, पोरीचे श्वास बोटांवर मोजले, पुन्हा हलवला, पुन्हा दाबला. नर्स म्हणाली, "इतकं नीट देणारं माणूस मी या महिन्यात पाहिलं नाही." आक्कांनी सुनेकडे पाहिलं, ऐकलंस ना अशा अर्थाने.

मग नर्सने तो पंप हातात घेऊन उलटा केला. "हा कधी आणलेला?"

"भरलेला आहे तो," ड्रायव्हर भिंतीला टेकूनच म्हणाला. पुढे येऊन त्याने पंप घेतला आणि तिच्या कानाशी हलवला. "ऐका. वाजतो. वाजतो म्हणजे भरलेला."

"वाजतो म्हणजे वाजतो," नर्स म्हणाली. "आत औषध असतं आणि ते बाहेर ढकलायला वायू असतो. औषध संपलं तरी वायू उरतो. तो खळखळतो, फवाराही उडतो, पण त्यात औषध असेलच असं नाही. हे ना कानाला कळतं, ना डोळ्याला. मोजावंच लागतं. यात एकशे वीस फवारे असतात. इथे लिहिलंय बघा, आजी."

तिने डबीवरचा आकडा आक्कांपुढे धरला.

"चष्मा घरी राहिला," आक्का म्हणाल्या. सून खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर भिंत होती.

"एकशे वीस," टिकली म्हणाली. "एक, दोन, शून्य."

आक्कांनी बोटंसुद्धा हलवली नाहीत. "रोजचे चार. म्हणजे तीस दिवस. आणि हा आणला कधी?"

ड्रायव्हरने आठवलं. "टँकरच्या वेळी."

"टँकर म्हणजे काय?" नर्सने विचारलं.

"सहावी फेरी," सून पहिल्यांदाच बोलली. "अडीच महिने झाले."

बोळातून गाडा गेला, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे दीड महिना," आक्का सावकाश म्हणाल्या, "मी पोरीला वारा पाजतेय. घड्याळ लावून. चूळ भरायला लावून."

"पुष्कळ घरांत होतं असं, आजी."

"पुष्कळ घरांत होतं म्हणून माझ्या घरात झालेलं चालतं का, बाई?"

नर्सने एक रंगीत कागद काढला. त्यावर तीन पट्टे होते. बरं असताना काय करायचं, खोकला सुरू झाला तर काय करायचं आणि काय दिसलं की थांबायचं नाही, लगेच निघायचं. ती वाचायला लागली तशा आक्का म्हणाल्या, "मला तोंडी सांगा. कागद हरवतात." नर्सने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, कागद बाजूला ठेवला आणि सगळं तोंडी सांगितलं, एकदा नाही, तीनदा. बरगड्या कशा आत ओढल्या जातात ते स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. वाक्य मध्येच कसं तुटतं ते बोलून दाखवलं. दारातून निघण्याआधी आक्कांनी ते तिला उलट म्हणून दाखवलं, एक शब्द न सांडता.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही.

"आई, मला तरी काय माहीत?" तो दुसऱ्या चौकात म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं याचं काही नाही. मलाही नव्हतं. पण तू 'बक्कळ आहे' कशावरून म्हणायचास? माहीत नाही म्हणायला जीभ झिजते का तुझी?"

त्याने गिअर बदलला, गरज नसताना.

त्या संध्याकाळी नवा तपकिरी पंप आला, आणि आक्कांनी सुती नाडीचा एक लांब तुकडा काढून त्याला तीस गाठी मारल्या. लाँड्रीत निम्म्या बायकांना लिहिता यायचं नाही, म्हणून गठ्ठ्यांची मोजणी अशीच चालायची, दहा चादरींना एक गाठ, आणि त्यात कधी चूक निघाली नव्हती. नाडी मोरीजवळच्या खिळ्याला टांगली, दात घासायच्या ब्रशांशेजारी. संध्याकाळचे दोन फवारे झाले की एक गाठ सोडायची. पाच उरल्या की नवीन पंप आणायचा, वाजो न वाजो.

"दोरीने दमा बरा होतो हे डॉक्टरांना कळवायला पाहिजे," ड्रायव्हर म्हणाला.

"कळव. अकरा मिनिटांत जाऊन ये."

पहिले काही दिवस काही वेगळं वाटलं नाही. मग तिसऱ्या आठवड्यात एकदा आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि खालून टिकलीचा आवाज आला. शाळेत कुणाची पाण्याची बाटली कशी फुटली, ते ती आईला सांगत वर येत होती. पहिला मजला झाला, बाटली चालूच. दुसरा झाला, चालूच. याआधी पोरगी प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची आणि वर आल्यावर तिच्या तोंडून आधी नुसता श्वास यायचा. आज ती दारात आली ती बोलतच आली आणि बोलतच मोरीत गेली. आक्कांनी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

ड्रायव्हर मात्र कासावीस झाला. जिन्यात सांगायला काही उरलं नव्हतं. टँकर तिसऱ्यांदा सांगून झाला, तेव्हा शिंपी म्हणाला, "अहो, तो मागच्या वेळी दुधाचा होता." घरात तो उगाच गाडी पुसायचा, किल्ली एका खिशातून दुसऱ्यात टाकायचा. एकदा आक्का पंप हलवत असताना दारात उभा राहून म्हणाला, "बरी आहे ना आता ती? मग कशाला?"

"बरी आहे ती यानेच बरी आहे."

"आम्ही गाडीत ऑक्सिजन असा उधळत नाही. ज्याला लागेल त्याला."

"तुझ्या गाडीत धडधाकट माणूस कधी बसलाय का?" आक्का म्हणाल्या. "हो बाजूला, उजेड अडवतोस."

परीक्षेला तीन आठवडे राहिले. खाडे पाचच्या पाच शाबूत होते. अशात आक्कांच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि चार दिवस तिच्याकडे जावं लागलं. सुनेच्या दुकानात त्या आठवड्यात मालाची मोजदाद होती, ती सकाळी लवकर जायची आणि उशिरा यायची. उरला ड्रायव्हर. आक्कांनी त्याला मोरीपाशी उभा करून सगळं दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा "हो, कळलं" म्हणाला.

आल्या आल्या आक्का चपला न काढता मोरीकडे गेल्या. जाताना दुसऱ्या पंपाच्या अठरा गाठी होत्या. आता चौदा. बोट फिरवून पुन्हा मोजल्या. चौदाच.

"बघ," त्या जेवताना सुनेला म्हणाल्या, "मनावर घेतलं की येतं त्याला." हे वाक्य त्यांनी ताटाकडे बघत म्हटलं, कारण मुलाच्या तोंडावर कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. ड्रायव्हर मान खाली घालून पाणी प्यायला. टिकली काहीतरी बोलायला गेली आणि बापाने तिला लोणी वाढलं.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, जिन्याच्या कठड्याला रंग द्यायला माणसं आली. वास दाराखालून आत येत होता. सून दुकानात गेलेली. टिकली बुटाची नाडी बांधायला वाकली आणि खोकली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा खोकून तिने मान वर केली तेव्हा आक्कांनी ऐकलं, आत ते वाजत होतं.

ड्रायव्हर खुर्चीवरून उठलेला कुणी पाहिला नाही. तो दिसला तो थेट उभाच, किल्ली दातात, पोरगी कडेवर, पांघरूण ओढतोय.

आक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला हो."

"खाली ठेव तिला."

"आई, वेळ नाही."

"जायचं असेल तर मी आधी गाडीत बसेन. पण बघू दे मला. ठेव."

आयुष्यात फार थोड्या वेळा त्या इतक्या हळू बोलल्या होत्या. त्याने पोरीला खुर्चीवर बसवलं. आक्कांनी खिडकी उघडली, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, टिकलीचा सदरा वर केला आणि बरगड्यांकडे पाहिलं. आत ओढल्या जात नव्हत्या. ओठ पाहिले. गुलाबी होते.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. लांबलचक बोल, मध्ये न थांबता."

टिकलीने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"तू मावशीआजीकडे गेलीस तेव्हा बाबांनी मला तपकिरी पंप एकदाही दिला नाही आणि शेवटच्या दिवशी चारही गाठी एकदम सोडल्या आणि मला म्हणाले आजीला सांगू नकोस."

एका श्वासात. शेवटी थोडी खोकली.

आक्कांनी सदरा खाली केला. "बोलता येतंय," त्या म्हणाल्या. "वाक्य तुटत नाही. निळा आण."

ड्रायव्हर जागचा हलेना.

"निळा आण रे. बाकीचं नंतर."

डॉक्टरीणबाईंनी टिकलीसाठी लिहून दिलेले आणि नर्सने तोंडी सांगितलेले तेवढेच फवारे आक्कांनी दिले, एकेक करून, प्रत्येकामागे पोरीचे श्वास मोजत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "मोठा काटा चारवर येईपर्यंत बघायचं. मध्ये काही बिघडलं तर तेवढंही थांबायचं नाही, लगेच निघायचं. गाडी दाराशी आणून ठेव."

त्याने ती आणून ठेवली. वर आला तेव्हा हाताला कठड्याचा ओला रंग लागला होता. मग त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. अपघातातली माणसं रस्त्यावरून उचललेला हा माणूस, पण एका खुर्चीवर बसलेल्या पोरीकडे नुसतं बघत बसायचं त्याला जमेना. खिडकीशी गेला. परत आला. "आई, आता?" म्हणाला. "आता?"

"काटा बघ. मला काय विचारतोस?"

काटा दोनवर आला तेव्हा टिकलीचे खांदे खाली आले होते. तीनवर आला तेव्हा तिने विचारलं पाव आहे का. चारवर आक्कांनी तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. मग नर्सला फोन लावायला सांगितला आणि सगळं सांगितलं, न दिलेल्या चार दिवसांसकट. नर्स म्हणाली, ठीक केलंत, निळा पंप दप्तरात द्या, शाळेत बाईंना सांगून ठेवा, पुन्हा वाजलं तर सरळ इकडे या, नाहीतर शाळा सुटल्यावर मला दाखवून जा.

टिकली दुसऱ्या तासाला वर्गात बसली. उशिराचा शेरा मिळाला, खाडा नाही.

तिला सोडून ड्रायव्हर वर आला तेव्हा आक्का मोरीपाशी नाडी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं आपण तोंडाचा पट्टा सोडू. तो सुटेना. सव्वीस वर्षांत लाँड्रीतल्या एका बाईनेही खोटी गाठ सोडली नव्हती, आणि त्यांत चोर होत्या, दारुड्यांच्या बायका होत्या, एक तर तुरुंगातून आलेली होती.

"का?" त्यांनी विचारलं.

तो दाराशीच उभा राहिला. रंग लागलेला हात पँटला लागू नये म्हणून लांब धरलेला.

"तुला नाही कळायचं."

"सांगून बघ. मी दुसरीपर्यंत शिकलेय."

"सकाळी तो पंप हातात घेतला की वाटतं, ही आजारी आहे," तो म्हणाला. "रोज. रोज सकाळी उठून पहिलं तेच. नाही दिला की वाटतं, बरी आहे. पळत होती ती, आई. चार दिवस मी तिच्याकडे बघत होतो, तिला काही नाही असं. बरं वाटत होतं."

आक्कांनी ऐकून घेतलं. हे त्यांना कळलं नाही असं नव्हतं. कळलं म्हणूनच जास्त चीड आली. नाडी त्यांनी पुन्हा खिळ्याला टांगली, हात पुसले, आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंत पोचायच्या जेमतेम.

"ऐक आता," त्या म्हणाल्या. "रिकामा पंप दीड महिना मी दिला, तो माझा गाढवपणा, तो मी कुणावर ढकलत नाही. गाठी सोडल्यास तो तुझा. पोरगी निपचित पडली की तू बाप असतोस, आणि हसायला-खेळायला लागली की पाहुणा. असला बाप तिला नको आहे, तिला चौथीत जायचंय. तुला भीती वाटते, वाटू दे, मलाही वाटते, म्हणून काय मी पंप फेकून दिला? आजपासून दोन्ही वेळा तूच द्यायचास. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही, आणि ते मला किती जड जाईल ते तुला ठाऊक आहे. आणि चूळ भरली का ते तोंड उघडायला लावून बघ. ती नुसतं पाणी फिरवल्यासारखं करते आणि फसवते. तुझीच पोरगी आहे."